चार बेस आणि त्यांच्या तारा : सरावखोलीतल्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

सदाशिव पेठेतल्या आमच्या सरावखोलीत चार बेस (बेस गिटार) आहेत आणि एकाच्याही तारा शेवटच्या कधी बदलल्या ते कुणाला धड सांगता येईना. ७ सप्टेंबरला गणपती, मागोमाग नवरात्र, मग दिवाळी पहाट. कार्यक्रमांची सुगी सुरू व्हायच्या आत चारही मार्गी लावायचे ठरलं आणि ‘तुला वेळ असतो’ एवढ्या पात्रतेवर काम माझ्या गळ्यात पडलं. चार सेट आणायचे, चढवायचे, झालं, असं बाकीच्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कोणता बेस कुणाच्या हातात असतो आणि त्यावर काय वाजतं हे पाहिल्याशिवाय एकही पाकीट विकत घेणार नाही, एवढं आजच सांगून टाकलं.

काळा बेस फेंडर कंपनीच्या प्रिसिजन घाटाचा, तो ऑर्केस्ट्रावाले काका वाजवतात. लाल फेंडरच्याच जॅझ बेस घाटाचा, कॉलेजातल्या एका पोराचा. त्याला स्लॅपचं, म्हणजे अंगठ्यानं तारेला फटके मारून वाजवायचं, वेड. पाच तारांचा बेस खोली चालवणाऱ्या दादाचा. आणि सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद रंगाचा) कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा, म्हणून त्याचे हाल सगळ्यात वाईट.

सनबर्स्टची ईची तार सैल करून उलटी धरली आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग लावून पाहिलं. वेढ्यांच्या खाचांत काळपट राप बसलेला: घाम, कातडीचं तेल, धूळ, सगळं एकत्र. तारेच्या पोटाकडे, जिथे जिथे फ्रेट (पट्टीवरची धातूची आडवी कांडी) येतो तिथे वेढे घासून चपटे झालेत आणि चकाकतात. नख फिरवलं तर पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत दर ठिकाणी अडतं, पुढे एकदम गुळगुळीत. या बेसवर आजवर काय काय वाजलं असेल ते यावरून कळलंच.

तारेचा सूर लांबी, ताण आणि तारेचं दर इंचामागचं वजन या तीन गोष्टींवर ठरतो. राप काही मोजूनमापून सारखा बसत नाही. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, शिवाय फ्रेटपाशी धातू झिजलेला. वजन जागोजागी बदललं की वरचे उपस्वर मूळ स्वराशी जुळेनासे होतात, आणि राप कंपन गिळतो ते वेगळंच. म्हणून जुनी तार नुसती बोथट वाजत नाही, बेसूरही होते. सनबर्स्टवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला उपस्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर यांचा मेळ बसत नाही. सॅडल (तार जिच्यावर टेकते ती बुडाकडची बैठक) मागे घ्या, पुढे घ्या, ट्यूनरचा काटा नाचतोच. अशा तारांवर इंटोनेशन (दर फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून सॅडल सरकवणं) करत बसण्यात अर्थ नाही.

१२ जून, बुधवार

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात फिलर गेज घेतला. ‘कुठली गाडी?’ ‘गिटार.’ दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही, सुटे पैसे मात्र मागितले.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटचा फ्रेट बोटानं दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट गेजच्या पात्यांनी मोजायची. ही फट म्हणजे रीलिफ, ०.३ मिमीच्या आगेमागे असली की ठीक. लाल बेस बरोबर तिथेच. काळा ०.५, सनबर्स्ट ०.७, म्हणजे नेक (बेसची मान) चांगलीच पुढे वाकलेली. पाच तारांचा ०.४.

व्हर्नियरनं तारांची जाडीही घेतली. बेसच्या तारांचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५-६५-८५-१०५ (अनुक्रमे जी, डी, ए, ई) हा सगळीकडे मिळणारा सेट. यातली जी १.१४ मिमी आणि ई २.६७ मिमी. सनबर्स्टवर ए ८० ची निघाली आणि ई १०५ ची, म्हणजे बहुधा कुणीतरी दोन वेगळ्या पाकिटांतल्या तारा एकत्र चढवल्या असाव्यात. चालतं तसं, पण एका तारेवरून दुसरीवर गेलं की हाताला कळतं.

ताणाचा अंदाज असावा म्हणून लिहून ठेवते. असा सेट ३४ इंची बेसवर सुरात आणला की दर तारेवर साधारण १८ ते २३ किलोचा ताण येतो, चारींचा मिळून ८० किलोच्या आसपास. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन काढला तेव्हाच ३४ इंच ही लांबी ठरली आणि आजही बहुतेक बेस तेवढेच. एक माणूस लाकडाच्या त्या पट्टीवर अहोरात्र लटकलाय आणि पलीकडून नेकमधला एकटा ट्रस रॉड (लोखंडी सळई) त्याला तोलून धरतोय, असं समजायचं. तारांची जात किंवा जाडी बदलली की हे वजन बदलतं, आणि मग नेक, तारांची फ्रेटपासूनची उंची, इंटोनेशन सगळं पुन्हा बघावं लागतं. ‘फक्त तारा बदल’ असं म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवायचे.

२२ जून, शनिवार

अल्कोहोलचं स्नान. तापकीर गल्लीत सर्किट बोर्ड धुणारे नेतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, एका टोकाला टोपण चिकटवून बंद केलं, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण. लाल आणि सनबर्स्ट दोघांच्या तारा गुंडाळी न करता सरळ त्यात सोडल्या, अधूनमधून पाइप हलवला आणि रात्रभर ठेवला. खोलीत उदबत्ती लावायची नाही असं दारावर लिहून ठेवलं, कारण दादा रोज लावतो.

काका म्हणाले, “अगं, आम्ही कुकरच्या भांड्यात उकळायचो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चहाआधी तारा!” उकळून तारांचा आवाज उघडतो हे खरंच आहे, तेल आणि राप सुटतो. पण वेढ्यांच्या आत पाणी राहतं, टोकाच्या रेशमी धाग्यात तर हमखास, आणि तिथून गंज धरतो. अल्कोहोल उडून जातं. दोन्हींत एक तोटा सारखाच: तार खुंटीवरून काढून पुन्हा त्याच बाकावर वळवली की तिथला धातू थकतो. दोन-तीनदा ठीक, मग तुटणार.

सकाळी पाइपातून जे ओतलं त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा. लालच्या तारा मस्त उघडल्या, नव्या नव्हेत पण खणखणीत. सनबर्स्टच्या जेमतेम. कारण उघड आहे, अल्कोहोल राप काढतं, झीज भरून देत नाही. फ्रेटपाशी खाचा पडलेल्या तारा धुवायच्या भानगडीत पडू नये. आणि हे तारा काढूनच करायचं. रोजवुडच्या फिंगरबोर्डवर अल्कोहोल सांडलं तर लाकूड कोरडं पडतं, काही जुन्या वार्निशवर डाग पडतात.

६ जुलै, शनिवार

काकांचा काळा बेस. आजचा दिवस यातच गेला.

काका बालगंधर्वला आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाणला जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करतात. त्यांना बेस ऐकू यायला नको असतो, जाणवायला हवा असतो. बोट सरकल्याचा चर्र आवाज त्यांना अजिबात खपत नाही. या बेसवर आजवर निकेलच्या राउंडवाउंड होत्या आणि काका टोनचं बटण पूर्ण बंद करून वाजवत. इथे फ्लॅटवाउंडच हव्यात. राउंडवाउंडला बाहेरचा वेढा गोल तारेचा असतो, फ्लॅटवाउंडला चपट्या पट्टीचा. पृष्ठभाग गुळगुळीत, सरकताना आवाज नाही, वरचे उपस्वर कमी आणि मूळ स्वर जाड. मुख्य म्हणजे राप बसायला खाचाच नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सननं १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड लावून, एका तर्जनीनं, सगळ्या जगाला बेस ऐकायला शिकवलं. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. हे सांगितल्यावर काका खूश. ‘बघ, मी आळशी नव्हतो.’

सगळ्या फ्लॅटवाउंड एकसारख्या नसतात. बहुतेक सेट त्याच जाडीच्या राउंडवाउंडपेक्षा जास्त ताणाचे. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या मात्र मऊ, कमी ताणाच्या, आणि महाग. काकांच्या डाव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून खरं तर त्या घ्यायच्या होत्या. पण काकांचा उजवा हात जड, मऊ तार त्या हाताखाली फ्रेटवर आपटणार. शेवटी मध्यम ताणाचा ४५-१०५ चा सेट घेतला.

चढवायची रीत, पुढच्याला उपयोगी पडेल म्हणून:

चारही तारा एकदम काढल्या नाहीत, एकेक बदलली. नेकवरचा ताण एकदम उतरू नये. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर तार ठेवून आधी तिथे काटकोनात वाकवली, मग कापली. आधी कापली तर काही तारांचा वरचा वेढा गाभ्यावरून सुटतो आणि ती तार कायमची मुकी. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खुपसलं, वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत. ईला दोन, जीला तीन-चार पुरे. चढवताना तारेला पीळ पडू द्यायचा नाही, मोकळी सोडून तिचा पीळ तिलाच सोडवू द्यायचा. मग नटच्या (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) आणि सॅडलच्या लगेच पुढे तार बोटानं खाली दाबली. जाड तार तिथे कमानीसारखी वर उचललेली राहते आणि सूर कुठून मोजायचा याचा घोळ होतो. दाबल्यावर तिथे स्पष्ट कोन दिसला की काम झालं.

सुरात आणलं आणि रीलिफ ०.५ वरून ०.६ झालेला. अपेक्षितच होतं. ट्रस रॉड पाव आटा आवळला, चहा प्यायलो, पुन्हा मोजलं, अजून थोडा. ०.३ वर थांबले. फेंडरच्या तक्त्यात जुन्या गोलाईच्या नेकला १७ व्या फ्रेटवर ईची उंची २.८ मिमी आणि जीची २.४ मिमी दिलीय, तीच ठेवली. ईची तार नटच्या खाचेत अडकत होती. सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि स्वर उडी मारतो. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, सुटली.

काकांनी तीन गाणी वाजवली आणि टोनचं बटण आपणहून उघडलं.

२७ जुलै, शनिवार

गुरुवारी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं एकतानगरीत घरं बुडाली, आमचा ढोलकीवाला तिथल्या नातेवाइकांकडे मदतीला. सराव नाही. खोलीत हवा इतकी दमट की गिगबॅगच्या आत बुरशीचा वास. भिंतीवर टांगलेल्या सनबर्स्टच्या तारांवर तपकिरी ठिपके. चारही बेस पेट्यांत घातले, आत सिलिका जेल. काळ्याची नेक थोडी हललीय. पावसाळा संपेपर्यंत ट्रस रॉडला हात लावायचा नाही, नाहीतर ऑक्टोबरात उलटं फिरवत बसावं लागेल.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाच तारांचा. दादाची तक्रार: बी (सगळ्यात जाड, पाचवी तार) लुळी पडते, भोंगळ वाजते.

दोन कारणं सापडली. एक म्हणजे गायकाची पट्टी काळी दोनवरून पांढरी दोनवर उतरली तेव्हापासून दादानं सगळा बेसच अर्धा स्वर खाली लावलाय, मोकळ्या तारा सोयीच्या पडाव्यात म्हणून. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा स्वर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी घटतो, पूर्ण स्वर उतरवला तर सुमारे २१ टक्क्यांनी. बीची तार मुळातच सगळ्यात सैल, ३१ हर्ट्झच्या सुराला ३४ इंचात जेमतेम पंधरा-सोळा किलो ताण. त्यातूनही कमी केला तर ती लोंबणारच.

उपाय दोन होते. १३० च्या जागी १३५ ची तार लावली तर वजन अंदाजे ८ टक्क्यांनी वाढतं आणि गेलेला बराचसा ताण परत मिळतो. त्यासाठी नटची खाच कानसीनं रुंद करावी लागली असती. दुसरा उपाय फुकटचा: “दादा, पाचवी तार आहे ना? मग सूर कशाला उतरवायचा?” जरा घुश्शात त्यानं मूळ सुरात लावून एक फ्रेट खाली सरकून वाजवून पाहिलं. तासाभरात सवय झाली.

दुसरं कारण तारेतच. जाड तार सॅडलवर वाकायला नाखूश असते, तिथला ताठरपणा उपस्वर बिघडवतो. म्हणून या वेळी टेपर्ड बी घेतली, जिचे बाहेरचे वेढे सॅडलच्या आधीच संपतात आणि बारीक भाग सॅडलवर बसतो. त्यामुळे तार खाली उतरते, तेवढं सॅडल वर उचलावं लागलं. आता बीवर कोणता स्वर वाजतोय हे ओळखू येतं, आधी नुसता हादरा यायचा.

जी आणि डी बदलल्या नाहीत. बऱ्या आहेत.

३१ ऑगस्ट, शनिवार

लाल. पोराला स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. “ताई, स्लॅपला त्याच लागतात.”

लागतात असं नाही, पण त्याचं म्हणणं चूक नाही. स्टील सगळ्यात तेज, घामापुढेही निकेलच्या मुलाम्यापेक्षा चांगलं टिकतं. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीनं ‘द हू’ बँडच्या जॉन एन्टविसलबरोबर राउंडवाउंड तारांवर काम केलं तेव्हापासून बेसचा तो पियानोसारखा खणखणाट लोकांच्या कानात बसलाय. पण स्टील कठीण, फ्रेट लवकर खातं, बोटांनाही खरखरीत लागतं. त्याचे फ्रेट आधीच दुसऱ्या-तिसऱ्यापाशी दबलेत. फ्रेट बदलायचा खर्च तारांच्या कित्येक सेटांएवढा. शिवाय त्याला उंची इतकी कमी हवी की तार फ्रेटवर झणझणते. तंबोऱ्याला मुद्दाम काढतात त्या जवारीची ही चुलत बहीण, फक्त इथे दर फ्रेटवर वेगळी वाजते आणि ध्वनिमुद्रणात नको तिथे ऐकू येते.

मधला मार्ग म्हणून निकेल मुलाम्याचा ४५-१०५ सेट, दर दोन-तीन महिन्यांनी अल्कोहोलच्या पाइपात, आणि वाजवून झालं की पुसायचं. त्याचे हात फार घामट, कोटेड तारांचाही विचार केला. त्यांवर पातळ थर असतो, राप आत शिरत नाही, टिकतात खूप. पण सतत अंगठ्याचे फटके बसले की थराचे पापुद्रे निघतात. स्लॅपवाल्याला कशाला?

त्याला हेही सांगितलं की आयर्न मेडन या मेटल बँडचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंड लावतो. विश्वास बसला नाही. घरी जाऊन बघ म्हटलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

मंडळाच्या मांडवात कार्यक्रम. तारांपेक्षा विजेचाच ताप. लाल बेसवर गाणारा पोरगा माइकला ओठ लावताच ‘करंट’ म्हणून मागे उडाला. बेसच्या तारा ब्रिजमधून आणि केबलमधून अँपच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. हात तारेवर, ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकवर, आणि एकीकडे अर्थिंगच नाही. मांडववाल्याच्या बोर्डावरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. सगळं एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेतलं, मग सुरू. इथून पुढे टेस्टर बेसच्या पेटीतच ठेवणार.

याच कारणानं काळ्या नायलॉन पट्टीच्या टेपवाउंड तारा सनबर्स्टला लावायचा बेत रद्द केला. आवाज गोड, बराचसा उभ्या डबल बेससारखा. आतला गाभा पोलादी म्हणून पिकअपही (तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक) चालतो. पण नायलॉनमुळे हात तारेतून अर्थला जोडला जात नाही, सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण मग हात ठेवूनही थांबत नाही.

पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे सगळ्या पेट्यांत टाकले. तार चिमटीत धरून वरून आणि खालून पुसायची. खालून कुणी पुसत नाही, आणि राप तिथेच जास्त. काकांचं कापड आठवडाभरानंतरही पांढरं. पोराचं काळं झालंय, म्हणजे निदान पुसतोय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हवा कोरडी झाली. सगळ्यांचे रीलिफ पुन्हा मोजले. लाल आणि पाच तारांचा जागच्या जागी. काळा आपणहून ०.३५ वर येऊन बसलाय, तसाच सोडला.

उरला सनबर्स्ट. त्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीही वाजवतो, तेव्हा कुणा एकाला आवडेल अशी तार निवडण्यात अर्थ नाही. सरळ निकेलच्या ४५-६५-८५-१०५, कोटेड. स्लॅप करणारा लाल वापरतो, आणि हा बेस कुणीही पुसणार नाही हे गृहीत धरलंय. रीलिफ ०.७ वरून ०.३ वर आणायला दोन दिवस लागले, रोज थोडा थोडा. इंटोनेशन आता पहिल्या फटक्यात लागलं. तारीख आणि सेटचं माप कागदी चिकटपट्टीवर लिहून हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या डोक्याच्या) मागे लावलंय. चारही बेसना तेच.

जुन्या तारांतली बरी ई आणि ए खणात ठेवल्या, मांडवात तुटली तर. काकांच्या सेटचे पैसे काकांनी दिले, बाकीचे खोलीच्या खात्यातून. सनबर्स्टचा आउटपुट जॅक खरखरतो, पण ते सोल्डरिंगचं काम, दिवाळीनंतर बघू.